पन्नास बाय सत्तर

हडर्सफील्डच्या बस स्टँडसमोर माझं दुकान.
चाव्या करून मिळतात, बुटांना टाचा,
आणि मागच्या पडद्याआड, दहा मिनिटांत,
जगातल्या कुठल्याही सरकारला चालेल असा चेहरा.

मंगळवारी सव्वाअकराला एक उंच माणूस आला.
हातातल्या सँडविचच्या पिशवीत पासपोर्ट,
कॅनडाचा, निळा, कोटाच्या खिशात राहून
साठ अंशांवर धुऊन निघालेला.
पानं कुरडईसारखी फुगलेली.
लॉर्न हॅव्हरस्टॉक, जन्म मंक्टन,
एवढंच काय ते वाचता येत होतं.
फोटोतला माणूस साबणाने नेला होता.

मुलगी डा नांगला शिकवते, म्हणाला,
पुढच्या महिन्यात तिचं लग्न.
व्हिएतनामचा व्हिसा घरबसल्या मिळतो,
पण व्हिसाला लागतो पासपोर्ट, निदान सहा महिने जिवंत,
आणि पासपोर्टला लागतो फोटो,
आणि फोटोला लागतो एक माणूस
जो दोन वर्षं तुम्हाला ओळखतो,
आणि त्या माणसाला लागतो हुद्दा.
डॉक्टर, वकील, गेला बाजार शाळेचा मुख्याध्यापक.

मी साचा बदलला.
इथल्या पासपोर्टला पस्तीस बाय पंचेचाळीस,
अमेरिकेला दोन इंच चौकोन, भारताच्या व्हिसालाही तोच,
कॅनडाला मात्र पोस्टकार्डाचं शेंडेफळ, पन्नास बाय सत्तर.
हनुवटीपासून टाळूपर्यंत एकतीस ते छत्तीस मिलिमीटर.
त्याच्या टाळूवर केस नव्हते ते बरं झालं,
केसांवरून फार वाद होतात.

"हसू नका," मी म्हटलं.
"हसत नाहीये," तो म्हणाला, "तोंडच असं आहे."
खरंच होतं. डावा कोपरा जरा वर,
कुणीतरी विनोद सांगायला घेतल्यासारखा.
चार वेळा काढला. पाचव्यांदा म्हटलं,
समजा, लग्नाला पोचला नाहीत.
कोपरा खाली आला.
तोच फोटो पास झाला.

मागे शिक्का मारला. दुकान, पत्ता, तारीख.
त्याखालची जागा रिकामी.
"इथे येऊन चौदा महिने," तो म्हणाला,
"बेकरीत रात्रपाळी. मला ओळखतात
दोन भट्ट्या आणि पहाटेच्या बसचा ड्रायव्हर.
तुम्ही कराल का सही?"

मला मिसेस ओल्डरॉइड आठवल्या.
एक्याऐंशी साल, माझा इथला पहिला पासपोर्ट.
शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई,
मांजरावरून वर्षभर माझ्याशी अबोला धरलेल्या.
तरी चष्मा पुसून त्यांनी फोटोच्या पाठीवर लिहिलं,
ही हुबेहूब तीच,
आणि माझ्या नावातला "ना" खाल्ला.
सुलोचा.
पुन्हा फोटो, पुन्हा सही,
या खेपेला जीभ बाहेर काढून, पहिलीतल्या पोरीसारखी
एकेक अक्षर गिरवत.
अबोला त्या दिवशी सुटला.
त्यांची कुंडी माझ्याच मांजराने पाडली होती,
हे मात्र मी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

लॉर्नला म्हटलं, माझी सही चालायची नाही.
मला हुद्दा नाही, आणि आपली ओळख
बावीस मिनिटांची, तीही नुसती तोंडओळख.
हमीदार मिळाला नाही तर वेगळा फॉर्म असतो,
वकिलासमोर शपथेवर सांगायचं
की मला इतकं जुनं ओळखणारं इथे कुणी नाही.
त्याचे पैसे पडतात.
पत्ता लिहून दिला. चर्चमागचा जिना, दुसरा मजला,
बेल वाजत नाही, दार ठोका.

तो गेला. कात्रणांच्या डब्यात
नापास झालेले चार चेहरे राहिले,
डावा कोपरा वर.
नियमाने ते फाडायचे असतात.
तीन फाडले.
एक ठेवलाय, चाव्यांच्या फळीमागे,
पाठीवर पेन्सिलीने तारीख टाकून.
दोन वर्षं काय, जातील.